बाहेरची मदत

लोखंडराव हे नाव त्यांना मेहुण्यानं दिलं होतं, आणि त्यात कौतुक किती नि गंज किती, हे त्या मेहुण्यालाच ठाऊक. मूळचा माणूस लिफ्ट तपासणीस. इमारतींच्या लिफ्टमध्ये उभं राहून वरखाली करायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचे, खाली येऊन सही करायची, असा जन्म गेला. पन्नाशी उलटली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "जरा चालत जा." आता डॉक्टर चालायला सांगतात तेव्हा चालायलाच सांगतात. लोखंडरावांनी मात्र त्याचा अर्थ असा काढला, की आधी दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल हाकायची आणि उरल्यासुरल्या जिवानिशी एकवीस किलोमीटर पळायचं. तेही एकाच दिवशी, मध्ये जेवणाची सुट्टी न घेता.

"याला ट्रायथलॉन म्हणतात. लांब पल्ल्याची," ते भेटेल त्याला सांगत. न भेटेल त्याला फोन करून सांगत.

व्रत गुपचूप करावं, गवगवा केला की पुण्य पातळ होतं, असं म्हणतात. तसं असेल तर लोखंडरावांचं पुण्य वर्षभरात गाळून घ्यायच्या लायकीचं झालं असणार. ते भल्या पहाटे सरावाला निघाले हे सगळ्या जिन्याला कळायचं. लिफ्ट त्यांनी वर्ज्य केली होती आणि खांद्यावरच्या सायकलचं हँडल प्रत्येक मजल्यावरच्या दाराला शिवून जायचं.

या तपश्चर्येला मंत्रही होता. "अगं, टॉवेल." "अगं, चष्मा." "अगं, दुसरा मोजा कुठंय?"

ही 'अगं' म्हणजे त्यांची बायको. मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. सर्जननं नुसता हात पुढे केला की त्यात नेमकी हवी ती कात्री, हवा तो चिमटा ठेवायचा. तोंडानं मागावं लागलं तर ती सिस्टर कसली! दिवसभर तिथे हातात कात्र्या द्यायच्या, संध्याकाळी घरी येऊन टॉवेल आणि चष्मा. फरक एवढाच, की सर्जन अधूनमधून "थँक यू, सिस्टर" म्हणत.

अशा या सिस्टरला दुसऱ्या शहरातल्या एका नव्या रुग्णालयानं बोलावलं होतं. थिएटरची मुख्य म्हणून. नव्या मुलींना शिकवायचं, दोन वर्षं तिथे राहायचं, राहायला घर मिळणार. होय की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की ती ते मोठ्यानं बोलतही नव्हती; उगाच आपलीच दृष्ट लागायची.

विषय निघाला तो मेहुणा जेवायला आला तेव्हा.

"भावोजी, ताई गेली तर तुमचं कसं व्हायचं हो?"

"कसं म्हणजे?" लोखंडरावांनी घास खाली ठेवला. "अरे, जो माणूस एकट्याच्या बळावर ट्रायथलॉन करतो, त्याला दोन भांडी घासता येणार नाहीत? आमच्या खेळाचा नियम ठाऊक आहे का तुला? बाहेरची मदत घेतली की स्पर्धक बाद! येत्या रविवारी मी एकट्यानं शर्यत पूर्ण करतो. केली, तर हिनं सोमवारी खुशाल होकार कळवावा."

"आणि नाही झाली पूर्ण?"

"मग मी एकटा राहू शकत नाही हे सिद्ध झालं. मग हिनं कुठं जायचं नाही. काय गं?"

"चालेल," ती म्हणाली.

हात धुताना मेहुण्यानं तिला गाठलं. "ताई, अगं तू सगळं भवितव्य यांच्या पायांवर ठेवलंस?"

"पायांवर ठेवायचीच सवय आहे रे," ती म्हणाली. "निदान या खेपेला पाय पळणार तरी आहेत."

शर्यतीचं सामान लोखंडरावांनी स्वतः भरलं. "हात लावू नकोस हं!" ते तीनतीनदा बजावत होते. पिशवी कोंबून भरली जात होती, बुटांवर केळी आणि केळ्यांवर पंप. तिचे हात आपोआप पुढे जात आणि ती त्यांना परत बोलावून घेई.

शर्यत तलावाकाठी होती. नाव भलंमोठं, त्यात 'महा' दोनदा आलं होतं. स्पर्धक इनमीन वीस-पंचवीस, आणि कमान एवढी रुंद की सगळे एका ओळीत आत शिरले असते तरी दोन्हीकडे जागा उरली असती. तलावाच्या कडेला दोरी बांधून एक चौक आखला होता. आत सायकली आणि पिशव्या. पाण्यातून यायचं, तिथे कपडे बदलायचे, सायकल घ्यायची. परत येऊन सायकल ठेवायची, बूट घालायचे, पळायचं. दोरीच्या आत स्पर्धकाखेरीज कुणी जायचं नाही.

पंच म्हणून खेळाचे एक निवृत्त मास्तर होते. घडीची खुर्ची, गळ्यात शिट्टी, आणि आयुष्यभर मुलांचे बहाणे ऐकून ऐकून निबर झालेले कान.

"घरच्या मंडळींनी नीट ऐका," ते म्हणाले. "तुम्ही पाण्याचा घोट दिलात तरी तुमचा माणूस बाद. पाणी आमच्या टेबलावर आहे. तुम्ही टाळ्या वाजवायच्या."

"टाळ्यांनी काय पोट भरतं?" सासूबाई म्हणाल्या. त्या मुद्दाम आल्या होत्या. मुलगा पाण्यात उतरणार आणि आपण घरी बसणार, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. मुलगा सरकारी नोकरीतून निवृत्तीला टेकला होता, ही बाब वेगळी.

लोखंडराव पाण्यात गेले तसे परतही आले. अगदी शेवटचे नव्हते. त्यांच्या मागे अजून दोघं होते आणि एक बदक. डोळ्यांवरचा पोहण्याचा गॉगल त्यांनी काढला आणि समोरचं जग पुसलं गेलं. आता चष्मा हवा. चष्मा कुठे आहे ते बघायलाही चष्माच हवा. गुडघे टेकून ते पिशवी चाचपू लागले. पंप निघाला. चेपलेलं केळं निघालं. एकच मोजा निघाला.

दोरीच्या अलीकडून सिस्टरला चष्मा लख्ख दिसत होता. हेल्मेटात, उताणा. हेल्मेट त्यांच्या कोपरापाशी.

"अगं!" लोखंडरावांनी हवेत हाक मारली. "माझा चष्मा?"

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"सांग की गं!" सासूबाईंनी तिला ढोसलं. मग स्वतःच मान उंचावली. "अरे, तिथे हेल्..."

"आई, बाद होतील हं."

मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत वळले. "आजी, सांगणं हीसुद्धा मदतच."

"मी कुठं काय सांगतेय? मी देवाचं नाव घेतेय."

"अवश्य घ्या. फक्त 'हेल'नं सुरू होणारा देव घेऊ नका."

शेवटी लोखंडरावांनी आंधळेपणानंच निघायचं ठरवून हेल्मेट उचललं, डोक्यावर पालथं घातलं, आणि चष्मा कपाळावरून घरंगळत नाकावर येऊन टेकला. हे असंच ठरलेलं होतं, अशा चेहऱ्यानं ते सायकलवर बसले. सासूबाईंनी दोन्ही हात जोडले. सिस्टरनं श्वास सोडला. एक टप्पा पार पडला होता.

सायकलला दुपार लागणार होती. दोघी झाडाखाली बसल्या.

"तू जायचं म्हणतेस ते मनापासून?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"हं." त्यांनी पाय पसरले. "सातवीपर्यंत शर्टाची बटणं मी लावायची त्याच्या. मग वसतिगृहात गेला."

"तिथं कोण लावायचं?"

"खोलीतला एक मुलगा होता बिचारा. मग नोकरी लागली, तिथे शिपाई होता. मग तू आलीस."

रिलेतली काठी या हातातून त्या हातात कशी गेली, ते त्यांनी इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की सिस्टरला हसावं की रडावं ते कळेना. तिनं मनातल्या मनात देवाला आठवलं. मागणं अगदी साधं होतं: यांचा टायर फुटू देऊ नकोस, आणि फुटलाच तर यांना तो बदलता येऊ दे. दुसरं मागणं पहिल्यापेक्षा अवघड आहे, हे तिलाही कळत होतं.

देवानं पहिलंच मान्य केलं. लोखंडराव ऊन डोक्यावरून उतरता उतरता सायकलसह परत आले. सायकल ठेवली, बूट चढवले आणि तलावाच्या बांधावर पळू लागले. पळणं हा शब्द मोठेपणानं वापरायचा. पण थांबले नाहीत. एक फेरी झाली, दुसरी झाली. कौतुक वाटावं असंच होतं ते, आणि तिला वाटलंही. हा माणूस घामानं निथळत, एकही हाक न मारता चालला होता. 'होतंय,' तिचं काळीज म्हणायला लागलं. 'उद्या मी होय म्हणणार.'

शेवटच्या फेरीत उजव्या बुटाची लेस सुटली.

कमान समोर दिसत होती. वेळही हाताशी होता. पळण्याची वाट चौकातूनच जायची. दोरीच्या आत, बरोबर पलीकडे येऊन उभ्या राहिलेल्या या दोघींसमोर, लोखंडराव थांबले. वाकायला गेले. हात गुडघ्यापर्यंत पोचले आणि पोटरीत गोळा आला. "आई गं!" म्हणत ते सरळ झाले. पुन्हा वाकले, पुन्हा सरळ झाले. आणि मग त्यांनी पाय उचलून दोरीच्या खांबाखालच्या दगडावर ठेवला, बायकोच्या दिशेनं.

"अगं, लेस."

त्यात डाव नव्हता, लबाडी नव्हती. तेच वाईट होतं. पैज, शर्यत, मास्तर, सोमवार, त्या घटकेला त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पाय पुढे केला की लेस बांधली जाते, एवढंच त्यांना आयुष्यानं शिकवलं होतं.

सिस्टरचा हात निघाला होता. तिनं तो दुसऱ्या हातानं धरला.

"अगं, ऐकू येत नाही का?"

खाली बसा, बसून बांधा, एवढं वाक्य तिच्या ओठांवर होतं. पण सांगणं हीसुद्धा मदतच. तो पुढे केलेला बूट, त्यावर लोंबणारी धुळीनं माखलेली लेस, आणि तिची दोन वर्षं. आपलं जाणं या लेसला बांधून ठेवलंय, आणि बांधायला आपणच 'चालेल' म्हणालो होतो, हे तिला आज पहिल्यांदा धडधडीत दिसलं.

इतक्यात तिच्या बाजूला हालचाल झाली. जिना चढताना कुरकुरणारे सासूबाईंचे गुडघे झटकन वाकले, हात दोरीखालून गेले, लेसची दुहेरी गाठ बसली आणि बुटावरची धूळही झटकली गेली.

"हं, जा आता. सावकाश."

मग शिट्टी वाजली.

"बाद," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, नोंद होती. "बाहेरची मदत."

"अहो मास्तर, ती माझी आई आहे!" लोखंडराव कळवळले. "आई बाहेरची कशी?"

"दोरीच्या कुठल्या बाजूला उभ्या आहेत?"

"मी बाहेरची?" सासूबाई फणकारल्या. "याला मी..."

"आजी, सगळं मान्य. तरी तुम्ही बाहेरच्याच."

लोखंडराव तरीही कमानीखालून पळत गेले. त्यांना पदकाऐवजी एक केळं मिळालं. चेपलेलं नव्हतं, एवढंच समाधान.

गाडीपाशी येईपर्यंत त्यांचा चेहरा मात्र बदलला होता. आधी तो पडलेला होता; मग काहीतरी ध्यानात आलं तसा हळूहळू उभा राहिला.

"मी शब्दाचा पक्का माणूस आहे," ते मोठ्या मनानं म्हणाले. "हरलो, तर हरलो. आता तुला जाता येणार नाही, त्याला माझा इलाज नाही. वाईट वाटतंय मला."

"वाटू द्या," ती म्हणाली. तिनं सायकल गाडीच्या टपावर बांधली आणि पर्समधून फोन काढला.

"कुणाला लावतेस?"

"रुग्णालयाला."

"नाही म्हणून सांगायला? उद्या सांग की. रविवारी कशाला त्रास?"

"बाद तुम्ही झालात," ती म्हणाली. "मी नाही झाले."

"अगं पण ठरलं होतं आपलं! तूच म्हणालीस, चालेल!"

"म्हणाले होते. चुकले. शब्द मोडल्याचं पाप माझ्या माथी. देवाला काय सांगायचं ते मी बघेन." इतक्यात पलीकडून फोन उचलला गेला. "हॅलो, मॅडम? सुट्टीच्या दिवशी त्रास देतेय. मी येते. हो, नक्की. हो, घरी सगळ्यांना सांगितलंय. आत्ताच."

फोन ठेवून ती चालवायला बसली, कारण लोखंडरावांचे पाय आता ब्रेकपर्यंत पोचत नव्हते. ते शेजारी बसले.

"आणि मी?" अखेर ते म्हणाले.

"तुम्ही दोन किलोमीटर पोहलात. नव्वद किलोमीटर सायकल चालवलीत. एकवीस किलोमीटर पळालात," ती म्हणाली. "कुकर लावता येईल तुम्हाला."

लोखंडरावांनी मदतीसाठी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर सासूबाई गुडघे चोळत होत्या. मुलाकडे त्यांनी एक नजर टाकली. मग त्या पुढे सरकल्या आणि सुनेच्या खांद्याशी तोंड आणून हळूच म्हणाल्या,

"तिथे घर देतात म्हणालीस ना? किती खोल्या गं?"

"दोन, आई."

"मला एक पुरे."