राजसने लावलेली मॅट

मित्रांनो, क्रिकेटचे थोर सामने माझ्या अंगावर घडले आहेत. म्हणजे घडले असते. पण मी मिसिसागातल्या एका पार्कात असते, आणि तिथे निम्मे प्रेक्षक कुत्रा फिरवायला आलेले असतात.

मी काथ्याची एक जुनी मॅट आहे. जन्म केरळचा, कॅनडात बोटीने आले. जमिनीवर मला ताणून कडेने खिळे ठोकले की झाली खेळपट्टी. उन्हाळाभर सगळे माझ्यावर नाचतात. हिवाळ्यात मी वीणाताईंच्या बेसमेंटमध्ये काढून ठेवलेल्या टायरांशेजारी उभी असते. विचारपूस शून्य.

वीणाताई म्हणजे आमच्या मराठी संघाच्या कोच. संघात राजस नावाचा एक फलंदाज आहे. तो फार छान खेळतो, हे सगळ्यांना त्याच्याकडूनच कळले. मला अंथरायला सगळे वाकत. राजस गाडीत बसून राही.

"ताई, मी ओपनर आहे. आय डोन्ट डू कार्पेट्स."

कार्पेट! मित्रांनो, मला फार लागले.

तो बाद झाला की दोष कधी उन्हाचा, कधी बॅटचा, आणि बहुतेक वेळा समोरच्या टोकाला उभ्या जोडीदाराचा, योआवचा. शेवटी योआव वैतागून म्हणाला, "ताई, आता तो तरी राहील, नाहीतर आम्ही पाच जण."

पाच गेले की संघच मोडणार. एकेकाला फोन करकरून ताईंनी तो जमवला होता.

मला वाटले, आता राजसची खरडपट्टी निघणार. पण रविवारी ताई त्याला म्हणाल्या, "राजस, तुझ्यासारखी नजर कुणाला नाही रे. आजपासून मॅट तूच लाव. हे लोक वाकडी लावतात."

मी चक्रावले. ज्याने मला कधी बोट लावले नाही, तोच माझा मुकादम!

"मला वाटलंच होतं," राजस म्हणाला.

पण मी एकट्यादुकट्याला दाद देत नाही. इकडून ओढली की तिकडे गोळा होते. घामाघूम झाल्यावर राजस योआवकडे गेला. "जरा पलीकडून धर ना, प्लीज."

"मी कशाला? त्या उन्हाला बोलव की!" योआव म्हणाला, पण आला. मागोमाग बाकीचेही आले.

सामना सुरू झाला. पहिलाच चेंडू खाली राहिला आणि राजसचा त्रिफळा उडाला. दोष आता आपल्यावरच येणार म्हणून समोरच्या टोकाला योआव ग्लोव्हज काढून निघू लागला. राजसने वर पाहिले. आभाळ भरलेले, ऊन नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी अंग चोरले.

"मॅट परफेक्ट होती," तो म्हणाला. "मीच लावलीय. म्हणजे... चूक माझीच."

"परत बोल! ताई, ऐकलंत का?" योआव ओरडला आणि त्याने ग्लोव्हज पुन्हा हातात चढवले.

संघ टिकला. माझा गोंधळ मात्र संपलेला नाही. राजसचा गर्व उतरला म्हणावे, तर तो आता समोरच्या संघालाही ऐकवतो, "अख्ख्या ओंटारिओत अशी मॅट कुणी लावत नाही." नाही उतरला म्हणावे, तर सगळ्यांच्या आधी येऊन, गुडघे टेकून माझ्या सुरकुत्या काढतो. ताई थर्मासमधला चहा पितात.

तेव्हा मित्रांनो, मोठ्या खेळाडूंना कसे सांभाळावे, ते वीणाताईंनाच विचारा. माझे एवढेच मागणे आहे की मला ओली गुंडाळू नका. वास येतो.