फरशीची धूळ

डॉ. मुबश्शिरा लातूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात कातडी घट्ट होत जाण्याच्या आजारावर संशोधन करत होती. शरीराची रोगाशी लढणारी ताकद आपल्याच अंगावर उलटते, तो हा आजार. बहुधा बायकांना होतो. म्हणून वर्षभरात नांदेडकडचे चार पुरुष आले तेव्हा ती चक्रावली. चौघांच्या फॉर्मवर कामापुढे एकच शब्द होता, मजुरी.

पाचवा आला भोकरचा व्यंकट. वय एकतीस. बोटं मिटत नव्हती.

"मजुरी म्हणजे नेमकं काय करता?"

"फरशी कापतो, म्याडम. सा वर्सं झाले. धूळ लई उडते, समोरचा मानूस दिसत न्हाई."

दगडाच्या बारीक धुळीनंही हा आजार होऊ शकतो, हे मुबश्शिरानं वाचलं होतं. "कारखाना कुठला?"

"नांदेडात, हनीफसेठचा."

तिचा हात थांबला. हनीफसेठ म्हणजे तिचे अब्बू.

व्यंकटला हे ठाऊक नव्हतं. "सेठ चांगला मानूस हाय. त्यानंच दवाखान्यात धाडलं," तो म्हणाला.

तिनं बाहेर जाऊन जुन्या चौघांना फोन लावले. एक जण रस्त्याच्या कामावरचा निघाला. दोघांनी हनीफसेठचंच नाव घेतलं. चौथा शारिक. त्याच्या बायकोनं फोन उचलला. "ते दिवाळीत गेले, म्याडम. हाव, हनीफभाईकडंच होते."

मुबश्शिरा जिन्यातच बसली. मग उठून तिनं आपल्या गाईडना सगळं सांगितलं आणि दुपारच्या एसटीनं नांदेड गाठलं.

कारखान्यात मशीन चालू होती. पांढऱ्या धुरळ्यात अब्बू उभे होते. कामगारांना याच धुळीनं आजार होतोय, असं तिनं त्यांना सांगितलं.

"धुळीनं?" ते हसले. "मी पंचवीस वर्सं तीच खाऊन राहिलो. मला काय झालं?"

"एक्स-रे काढलाय कधी? व्यंकटला हेच झालंय. शारिकलाही हेच होतं, अब्बू."

हसू मावळलं. "शारिक यानं गेला? मी तर त्याच्या मातीला गेलो होतो. म्हटलं, दमा असेल." ते फरश्यांच्या थप्पीवर बसले. "तुला इतके दिवस कळलं न्हाई?"

"मी विचारलंच नाही," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

हनीफसेठनी स्वतः जाऊन मेन स्विच पाडला.

सोमवारी नऊ कामगार लातूरला तपासणीला आले. तिघांच्या रक्तात पुढं दोष निघाला. त्या दिवशी रांगेत शेवटी हनीफसेठ होते. मुबश्शिरानं त्यांचं रक्त दुसऱ्या डॉक्टरला घ्यायला सांगितलं आणि ती दाराशी उभी राहिली. सुई टोचली तेव्हा ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "शारिकच्या घरी तू चल माझ्यासंगं. एकट्याला जायची हिंमत होईना."