मी, बोडिलच्या डाव्या डोळ्यातली मूलपेशी

मी एक जुनी मूलपेशी आहे. स्टेम सेल म्हणा हवं तर. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर बोडिल नावाची बाई राहते, तिच्या डाव्या डोळ्यात माझं बिऱ्हाड आहे. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो ना? तो आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथं भेटतात, त्या गोल कडेवर आम्ही बहिणी राहतो.

मित्रांनो, आमचं काम ऐकायला सोपं आहे. मी दुभंगते. एकीच्या दोघी होतात. एक माझ्यासारखीच मूलपेशी राहून कड सांभाळते, दुसरी माझी लेक पडद्याकडे निघते. वाटेत तिच्याही लेकी होतात आणि हळूहळू त्या पातळ, नितळ पडदापेशी बनतात. थोडे दिवस जगतात, मग पापणीच्या उघडझापीत आसवांबरोबर धुऊन जातात. मागून नव्या येतात. बोडिल साठीला आली तरी पडदा कोरा करकरीत, तो आमच्या जिवावर. पण गेलेली एकही लेक माझ्याकडे परत आली नाही हो. सासरी गेलेल्या मुली निदान सणाला तरी येतात!

त्या वर्षी पिन्सचा, म्हणजे वसंत सरतानाचा सण तोंडावर आला होता. तोवर गावातली घरं चुन्यानं पांढरी व्हायलाच हवीत. बोडिल शिडीवर चढली, कामाचा चष्मा मात्र खिडकीतच राहिला. आधी भिंतीला पाणी पाजायचं, मग ओल्यावर चुना ओढत न्यायचा आणि कोपरा येईपर्यंत थांबायचं नाही. थांबलं की जोड दिसतो. अर्ध्या भिंतीवर ब्रश उसळला आणि चुना थेट तिच्या उजव्या डोळ्यात गेला.

"खाली उतर, बोडिल! डोळा धू आधी!" तिचा नवरा ऑलुफ ओरडला.

"थांब रे! एवढा कोपरा गाठते. मध्येच सोडलं तर जोड दिसेल, आणि वर्षभर अख्खं गाव नावं ठेवेल."

"अगं, पाण्याची बादली इथंच आहे!"

"ती भिंतीसाठी आहे."

भिंतीला पाणी मिळालं, डोळ्याला नाही. मी इकडे तडफडत होते. मला ना हात, ना तोंड. तिकडे उजव्या डोळ्याची आग होत होती, पाणी घळाघळा वाहत होतं. तिकडच्या बहिणींची हाक ती हीच, पण बोडिलनं ऐकली नाही. कोपरा आला, भिंत सुरेख झाली आणि उजव्या डोळ्याच्या कडेवरच्या माझ्या बहिणी जवळजवळ सगळ्या जळून गेल्या.

आता तिकडे नव्या पडदापेशी घडवणार कोण? पांढऱ्या भागातल्या पेशी रिकाम्या जागेवर सरकत आल्या, पाठोपाठ लाल रक्तवाहिन्या आल्या. त्यांचा काय दोष? त्यांना नितळ होताच येत नाही. महिन्यागणिक डोळा गढूळ होत गेला. नाकाच्या पलीकडे, एवढंच काय ते अंतर! पण मला वाट नव्हती. मी लेकी घडवत बसले, आणि त्या सगळ्या याच डोळ्यात जात राहिल्या.

"नुसता नवा पडदा बसवून भागणार नाही, तो राखणाऱ्याच उरल्या नाहीत," शहरातली डॉक्टर म्हणाली. "डाव्या डोळ्याच्या कडेतून कणभर तुकडा काढून तिकडे रुजवू. रुजेलच, असं वचन मात्र देत नाही."

"बघ, भिंतीला लावायला गेले आणि चुन्यानं मलाच चुना लावला," बोडिल म्हणाली. हसायला गेली, पण हसू टिकलं नाही. "ऑलुफ, धडधाकट डोळ्याला हात लावायचा? हाही गेला तर?"

ऑलुफनं तिचा हात धरला.

त्या तुकड्यातून माझ्या शेजारच्या बहिणी गेल्या. मी राहिले. निरोपसुद्धा घेता आला नाही. त्या तिकडे जगल्या की मेल्या, मला कोण सांगणार?

पुढचा वसंत आला. या खेपेस शिडीवर ऑलुफ चढला, चष्मा लावून. तरी चुन्याचा शिंतोडा चष्म्याखालून आत गेलाच. तो ब्रश टाकून खाली आला आणि भिंतीसाठी ठेवलेली अख्खी बादली त्यानं डोळ्यावर रिकामी केली. डोळा वाचला. तोवर भिंत वाळून गेली होती.

"काय ऑलुफ, भिंतीला शिवण घातलीस की काय?" शेजारचा एस्बेन कुंपणावरून खिदळला.

बोडिल कॉफीचा पेला घेऊन बाहेर आली. अंगणात थांबली आणि तिनं डावा डोळा तळहातानं झाकला. मी अंधारात पडले. काहीच कळेना.

"ऑलुफ!"

"काय गं?"

"केवढा घाणेरडा जोड ठेवलायस तो!"

बादली खाली आपटल्याचा आवाज आला. "कुठल्या डोळ्यानं दिसला?"

"उजव्या," ती म्हणाली आणि रडायला लागली. तळहाताखाली मी चिंब भिजले.

"सगळी भिंत पुन्हा रंगवू?"

"खबरदार! राहू दे तो."

माझ्या बहिणी रुजल्याचं मला हे असं कळलं. मित्रांनो, मला अजूनही हाक मारता येत नाही. जळजळ हीच माझी हाक. डोळ्यात काही उडालं आणि ती ऐकू आली, तर हातातलं काम तिथंच टाका आणि आधी पाणी घ्या, पुष्कळ पाणी. भिंतीत जोड राहिला तर राहू दे.