चुन्याच्या भिंतीचा कोंडमारा

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो. बेंगळुरूत, बनशंकरीकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर, इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींनी बांधलेले विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे. त्याच्या वाचनखोलीची पश्चिमेची भिंत म्हणजे मी. भिंतीला कसले आले आयुष्य, असे तुम्हाला वाटेल. पण तीस वर्षे मी जे सोसले, ते कुणाला तरी सांगावेसे वाटते.

शंभर वर्षांपूर्वी माझा जन्म झाला. लाल विटा आणि चुना हेच माझे शरीर. बैल जुंपलेल्या घाण्यात वाळूबरोबर चुना दळत, त्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा घालत आणि कित्येक दिवस मुरवत ठेवत. असा चुना घट्ट होतो, तरी त्याच्यात बारीक वाटा राहतात. पावसाळ्यात मी ओली होई आणि ऊन पडले की आतली ओल त्या वाटांनी निघून जाई. कधी गिलाव्याचा पोपडा पडे. मग गुंडो नावाचे चुनेवाले येत आणि तेवढाच तुकडा नव्याने लावून जात. त्यांचा हात इतका हलका होता, की लावलेले ठिगळ मलाही ओळखता येत नसे.

पुढे गुंडोंचे हात थरथरू लागले. माझे पोपडे तसेच राहिले, विटा उघड्या पडल्या. पाहुणे नाक मुरडू लागले. अखेर वसतिगृहाच्या मंडळींनी मला सिमेंटचा गिलावा करायचे ठरवले आणि काम दिले गुंडोंच्याच मुलाला, खंडोजीला. तो तेव्हा चाळिशीचा होता आणि गवंडी म्हणून त्याचे नाव होऊ लागले होते.

पहिल्या दिवशी गुंडो काठी टेकत आले. सिमेंटच्या पोत्यांकडे त्यांनी पाहिले आणि माझ्यावर तळवा ठेवला.

"खंडू, हा माल हिच्या अंगाला सोसायचा नाही. हिची ओल कुठनं जाणार?"

खंडोजी म्हणाला, की आता चुना कुणालाच नको आहे, लोकांना लवकर आणि गुळगुळीत काम पाहिजे. गुंडोंनी तळवा काढला आणि ते काठी टेकत निघून गेले. ते परत आले नाहीत आणि त्याच वर्षी वारले.

खंडोजीने काम सुरेख केले, हे मी नाकारत नाही. आतून, बाहेरून, कुठे उंचवटा नाही की भेग नाही. वर चकचकीत पिवळा रंग लागला. माझ्यासमोर उभे राहून लोकांनी फोटो काढले. मलाही थोडा अभिमान वाटला, मित्रांनो.

पहिला पावसाळा आला. जमिनीतली ओल नेहमीसारखी माझ्यात चढली. मग ऊन पडले, पण ओल बाहेर पडेना. वाट शोधत ती वर गेली, आडवी पसरली, पुन्हा खाली आली. सगळीकडे सिमेंट. पुढच्या वर्षी तिच्यात नवी ओल मिसळली. त्या पाण्यातले क्षार विटांत साठले, फुगले आणि विटा आतून भुरभुरू लागल्या. माझ्या अंगाची पूड होत होती आणि बाहेर मी पिवळीधमक दिसत होते. मुले माझ्या शेजारी बसून परीक्षांचा अभ्यास करत. मला ओरडावेसे वाटे. पण भिंतीला आवाज नसतो.

काही वर्षांनी रंगाला फुगे आले, आतल्या क्षारांचा पांढरा लोणा बाहेर फुटला. मला वाटले, आता तरी कुणी विचारेल. त्यांनी फुगे खरवडले, खड्ड्यांत पुट्टी भरली आणि पाणी न शिरणारा रंग फासला. असे चार वेळा झाले. दर वेळी एक दार उघडल्यासारखे वाटे आणि त्यावर नवी कडी बसे.

मागच्या वर्षी भर दुपारी माझा हातभर पोपडा सुटला आणि निवेदिता नावाच्या मुलीच्या बाकावर पडला. ती पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

वसतिगृहाचे चिटणीस श्रीकांतराव बोम्मसंद्र औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी खोलीला कुलूप लावले आणि ते उघडले फक्त सभेपुरते. इमारतींचे काम जाणणारी नीरजा नावाची इंजिनिअर आली होती. म्हातारे खंडोजीही आले होते. नीरजाचे म्हणणे होते, की सिमेंट काढले तर भिंत कदाचित वाचेल. श्रीकांतरावांना ते पटेना. ते म्हणाले, की खंडोजींच्या गिलाव्याला इतकी वर्षे तडा गेला नव्हता, म्हणजे विटाच मुळात कुजक्या असणार. मुलांच्या जिवाशी खेळ नको, भिंत पाडू या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. खंडोजींची स्तुती झाली होती आणि त्या स्तुतीनेच माझा शेवट ठरत होता. ते गप्प बसले तर त्यांचे नाव राहणार होते.  पण ते उठले, माझ्याजवळ आले आणि बोटांच्या सांध्यांनी मला ठोकले. पोकळ आवाज आला.

"विटा चांगल्या होत्या, श्रीकांतराव. मी हिचं तोंड बंद केलो. माझ्या बापानं सांगितलं होतं, मी ऐकलो नाही. दहा वर्षांखाली लोणा बघितलो तेव्हाच मला कळलं होतं. सांगायला लाज वाटली."

नीरजा त्यांच्याजवळ गेली. तिने हळूच विचारले, "अण्णा, चुना मळायला येतो तुम्हाला?"

"येतो, अक्का. स्वल्प विसरलोय. हात लावला की आठवेल."

मला पाडायचे रहित झाले. सिमेंटचे पोपडे उतरवायला तीन आठवडे लागले. छिन्नीचा प्रत्येक घाव दुखला, पण त्या प्रत्येक घावाबरोबर वारा आत आला. खालच्या विटांची तर पूडच झाली होती. त्या थोड्याथोड्या काढून नव्या बसवल्या. माझ्यातल्या खिडकीची कमान मात्र वाचली नाही. खंडोजी रोज स्टुलावर बसून चुना कालवत आणि नीरजा वहीत लिहून घेई.

सगळे काही सुरळीत झाले, असे मी सांगणार नाही. माझ्या उत्तरेच्या टोकाला शेजारची नवी इमारत चिकटली आहे. तिथले सिमेंट काढता आले नाही. ते टोक अजून कोंडलेले आहे आणि पाऊस आला की तिथे काय चालते, ते मलाच ठाऊक.

चुना लावून, तो वाळून महिना झाल्यावर खंडोजी मला पाठ टेकून बसले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. उठले तेव्हा सदरा पाठीवर ओलसर झाला होता. श्रीकांतराव धास्तावले, की काम पुन्हा बिघडले. खंडोजींनी पाठीवरून हात फिरवला आणि हात त्यांच्यापुढे धरला.

"सरी आहे, ठीक चाललंय. पाणी बाहेर यायला लागलंय."

मित्रांनो, तुमच्या घरच्या भिंतीला ओल आली तर तिला घाईने लिंपू नका. आधी विचारा, पाणी कुठून येते आणि त्याला जायला वाट आहे का. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येते.