डोळ्याखालचा डंख

धुरपता वडनेरला नांदायला आली त्याला वर्ष होत आलं होतं, पण सासूनं तिला एकदाही माहेरी, आंजीला पाठवलं नव्हतं. कधी पेरणी, कधी निंदण, आता कापसाची वेचणी. नवरा हिंगणघाटला गिरणीत होता. आठवड्यातून एकदा यायचा, आणि आईपुढं त्याचं तोंड उघडत नसे.

त्या सकाळी गोठ्यातून सरपणाच्या तुराट्या ओढताना मागचं पोळं हललं. एका गांधीलमाशीनं तिला डोळ्याखाली डंख मारला, दुसरीनं हातावर.

सासू रामबाई धावत आली. "चोळू नको. हे माशी काटा ठेवत नाई." हात सुजायच्या आत तिनं सुनेच्या बोटातली अंगठी उतरवली, साबणानं जागा धुतली आणि रांजणाच्या थंड पाण्यात फडकं भिजवून गालावर धरलं. "गळा दाटून येते का? श्वास लागते?"

"नाई, आत्याबाई."

"मंग भेव नाई. उद्या-परवा उतरन सूज."

फडकं गरम झालं की ती पुन्हा भिजवून आणी. धुरपताला तिच्यावर धड रागावताही येईना.

दुपारी धुरपताचा भाऊ कवडू अचानक आला. तोवर तिचा डोळा पुरता मिटला होता. "आत जाय," रामबाई कुजबुजली, "तो काहीबाही समजन." पण कवडू अंगणात पोचला होता. त्यानं बहिणीचं तोंड पाहिलं, मग रामबाईकडे वळला.

"कोणं मारलं हिले?"

"गांधीलमाशी चावली."

"मी तिले पुसून राह्यलो. धुरपता, तू सांग. कोणी हात लावला असन तर आत्ताच नेतो तुले. पुन्हा या घरी पाठवत नाई."

धुरपतानं उघड्या डोळ्यानं भावाकडे पाहिलं. नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. संध्याकाळी आंजी, आईच्या हातची भाकर. रामबाई ओलं फडकं हातात धरून उभी होती. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"माशीच चावली, दादा," धुरपता म्हणाली. "आत्याबाई सकाळपासून पाणी लावून राह्यल्या." तिनं हातावरचा डंखही दाखवला.

कवडू ओशाळला. रामबाईला म्हणाला, "माफ करा, बाई. जिवाची बहीण हाये." चहा झाला. निघताना त्यानं हळूच विचारलं, "चार दिवस न्याव म्हणतो हिले."

"वेचणी होऊ द्या. मंग पाहू."

आत्ताच केलेल्या आरोपानंतर त्याला पुढं बोलवेना. "बरं," म्हणाला आणि मोटारीच्या रस्त्याला लागला.

रामबाईनं फडकं भिजवून आणलं. धुरपता दारातून हलली नाही.

"काऊन, लय दुखून राह्यलं का?"

"नाई. वेचणी उरकाची हाये," ती म्हणाली. मग तिनं कमरेला ओटी बांधली आणि कापूस वेचायला शेताकडे निघाली.