सांडूचं वकीलपत्र

शहागंज वकील मंडळाने त्या दिवशी दोन ठराव केले. पोलिसांनी धरलेल्या संशयिताला पहिल्या तासापासून वकील मिळालाच पाहिजे, कायद्यात तशी सुधारणा करा, हा पहिला. सांडू नावाच्या आरोपीचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही, हा दुसरा. दोन्ही एकमताने झाले. मधे चहा झाला, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

पहिल्या ठरावाचा मसुदा मंजुषाने लिहिला होता. दुसऱ्याच्या वेळी तिनेही हात वर केला. सगळ्यांचे वर होते, आपला एकटीचा खाली कसा ठेवायचा? वकील धीट असतात ते अशिलासमोर.

ती बाहेर आली तर दारात एक म्हातारी उभी होती. पाचोडकडची सुगंधाबाई, सांडूची आई.

"ताई, तुमी वकील ना?"

"हो मावशी, पण..."

"सकाळपासून समदे पणच देऊ लागलेत. पण घेऊन कोर्टात उभं राहता येतं का?"

मंजुषाने विचारलं, "झालं काय होतं?"

"मेंढरं रस्ता वलांडत व्हती. तुमच्या सुदर्शन वकिलाची गाडी आली, दोन मेंढरं गेली. सायेब उतरून शिव्या द्याया लागले. गर्दी जमली, कुणीतरी सायबाला काठी हाणली. समदे पळाले. माझं पोरगं मेलेलं मेंढरू उचलत व्हतं, म्हणून घावलं."

"हे त्यानं पोलिसांना सांगितलं?"

"त्याला इचारलं कुणी? दुपारी कोर्टात उभं करणारेत. मारून कबूल करून घेतील, ताई."

मंजुषा पुन्हा आत गेली. दुपारी संशयितांच्या हक्कांवर कार्यक्रम होता, मंडळाचे अध्यक्ष विश्वजीतराव त्यातल्या भाषणाची उजळणी करत होते. शेजारी सुदर्शनराव कपाळाला पट्टी लावून जिलबी खात होते.

"सर, त्या मुलाला एक वकील तरी..."

"मॅडम, आपला ठराव संशयितांसाठी आहे. हा आरोपी आहे."

"त्यानं मारलं का, हेच अजून ठरायचंय."

"ठरू द्या की. ठरलं की त्याचे हक्क बघू."

सुदर्शनराव म्हणाले, "ताई, ही जखम तुमच्या कपाळाला असती तर?"

"तर मी दवाखान्यात असते."

विश्वजीतरावांनी चष्मा काढला. "ठराव मोडलात तर नोटीस निघेल. सभासदत्व जाईल, बसायचं टेबलही जाईल. विचार करा."

मंजुषाने विचार केला. सरकारी खर्चाने मिळणारे वकीलसुद्धा मंडळाचेच सभासद, आणि ते आता पंगतीत वरणाची वाट बघत होते. ती एकटीच कोर्टात गेली.

सांडूने वकीलपत्रावर अंगठा उठवला आणि तिला एकच विचारलं, "बाई, बाकीची मेंढरं कुणी राखायलंय का?"

पोलिसांनी मागितली त्याच्या निम्मीच कोठडी मिळाली. शिवाय वकिलाला आजच आरोपीला ठाण्यात भेटू द्यावं, असा आदेश झाला. फार काही नव्हतं. पण ठाण्यात कुणी विचारायला येणार आहे, एवढं पोलिसांना कळलं.

ही बातमी तिच्याआधी मंडळात पोचली. पाहुणे आले होते, पत्रकार आले होते. मंजुषा आपली राहिलेली पिशवी घ्यायला डोकावली, तेव्हा विश्वजीतराव माईकवर सांगत होते, "आमचं मंडळ नुसतं बोलत नाही. आमच्या सभासद मंजुषाताईंनी आजच एका गरीब मेंढपाळाला..."

टाळ्या पडल्या. ते खाली उतरून तिच्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "चला वर, सत्कार आहे."

"आणि नोटीस?"

"ती संध्याकाळी देऊ हो. आधी शाल घ्या, फोटोवाले खोळंबलेत."

मंजुषाने पिशवी खांद्याला लावली. बाहेर सुगंधाबाई उभी होती. "चला मावशी, ठाण्यात जाऊ," ती म्हणाली, आणि दोघी रिक्षात बसल्या.

इकडे शाल वाया गेली नाही. विश्वजीतरावांनी ती सुदर्शनरावांच्या खांद्यावर घातली. जखमी असूनही संशयितांच्या हक्कांच्या कार्यक्रमाला हजर राहिल्याबद्दल.