गोजरबाईंचा काना आणि मात्रा

विजयमालाताईंचं तिसरं कार्ड उघडलं आणि मी चक्रावले. आधीच्या दोन कार्डांतली एकही चूक त्यात नव्हती. पण तिथं जे बरोबर जमलं होतं, तेही नव्हतं.

नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर मी वेबसाइट बनवायला शिकवते. पदवी भौतिकशास्त्राची. सुरुवातीला सगळ्यांना एक कार्ड करायला देते, म्हणजे वेबपानावरचा एक चौकोन : वर फोटो, खाली नाव, दोन ओळी माहिती, एक बटण. शनिवारी पाचपर्यंत ते पास झालं तरच पुढचा वर्ग.

कुंभारी गावाहून येणाऱ्या विडी कामगार विजयमालाताईंना दुसरी संधी नव्हती. त्यांच्या वाट्याच्या विड्या महिनाभर सासूबाई, गोजरबाई, वळत होत्या. कार्डही गोजरबाईंच्याच भाकरीचं होतं, आणि त्यांनीही शनिवारचीच मुदत दिली होती.

शनिवार उजाडला होता आणि अडीच वाजले होते.

"ताई, पहिल्या कार्डात कडेची जागा अगदी नेमकी सोडली होती. ती कुठं गेली?"

"पुसलं की सगळं."

"का?"

"तुमी सात चुका लिवल्या. मग ते छाटच की."

"छाट म्हणजे?"

एवढंही ठाऊक नाही, अशा नजरेनं त्यांनी पाहिलं. "विड्या तपासणारा बघतो. वाकडी दिसली, ढिली लागली, की बाजूला टाकतो. ती छाट. ती नीट करत कोण बसतंय? नवी वळायची."

मी माझे जुने शेरे काढून पाहिले. एक ते सात, नुसत्या चुका. काय ठेवायचं, ते कुठंच नव्हतं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत. ते मी यांना सांगितलंच नव्हतं.

"हे कार्ड पुसायचं नाही," मी म्हटलं. "फोटो पास. रंग पास. बटण पास."

"तसं लिवून द्या."

लिहून दिलं. खाली एकच शेरा : नाव नीट वाचता येत नाही.

"त्येच तर!" त्या उसळल्या. "काल घरी दाखवलं. शेजारची मायाक्का मोठ्यानं वाचत्या, 'गाजरबाइचा ज्वाराचा भाकरा'. आत्या म्हनल्या, ह्याच्यासाठी मी तुज्या विड्या वळते व्हय? चारदा टाइप केलं मी. अक्षर बराबर हाय, तरी गाजरच!"

मला हसू आवरेना. त्यांना मात्र हसू आलं नाही.

"टायपिंग बरोबर असेल, तर अजून काय काय बदलून बघता येईल?" मी विचारलं. "एकेकच बदला."

त्यांनी फॉन्ट बदलला. गाजरच. अक्षर लहान केलं. गाजरच. बोट सवयीनं सगळं पुसायच्या बटणावर गेलं, थबकलं आणि मागं आलं. मग ओळीची उंची एकवरून दीड केली.

'गा'वर मात्रा उगवली. वेलांट्या आल्या. गोजरबाईची ज्वारीची भाकरी.

"इंग्रजी नमुन्यातनं उचलली होती ही उंची," त्या सावकाश म्हणाल्या. "त्यांच्या अक्षरांना डोक्यावर कायच नसतंय, म्हनून आपल्या मात्रा कापल्या."

पण आता खालची माहिती अर्धी कापली गेली. चौकोनाची उंची त्यांनी पक्की बांधून टाकली होती.

"का बांधली?"

"विडीची पत्ती कापायला पत्र्याचं माप असतंय न्हवं? सगळ्या सारख्या." बोलता बोलता त्या थांबल्या. "हितं मजकूर कमीजास्त व्हनार. कमीत कमी एवढी, असं सांगता येतंय का?"

"येतं."

काय लिहायचं, ते त्यांनी वहीत शोधलं. मी सांगितलं नाही. पाचला वीस मिनिटं कमी असताना मी शेरा लिहिला : पास.

त्यांनी लगेच फोन लावला. "आत्या, झालं पास... व्हय, तुमचंच नाव... न्हाय हो, गाजर न्हाय!" पलीकडचं बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "मी पुढच्या वर्गाला जानार. सोमवारची पत्ती भिजवा मग तुमीच."

फोन ठेवून त्यांनी नवी फाइल उघडली.

"आता काय करताय? वर्ग संपला."

"पैलं कार्ड परत लिवते, मॅडम. ध्यानात हाय माज्या. ते छाट नव्हतं."